अपेंडिक्सच्या बायॉप्सीत ग्रॅन्युलोमा आला, म्हणजे क्रोन्सच का?

प्रश्न: भावाचं (वय २६) अपेंडिक्स काढलं. रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमॅटस अपेंडिसायटिस' आलंय. सर्जन म्हणतात क्रोन्स (आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार) दिसतोय, स्टेरॉइड सुरू करू. करावं का? पथ्य काय?

उत्तर: आत्ता लगेच नको. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा बारीक गोळा) दिसला की आधी टीबी नाही ना ते बघायचं, क्रोन्सचं नाव त्यानंतर. टीबी असताना स्टेरॉइड दिलं की ताप उतरतो, भूक लागते, घरचे खूश होतात आणि आत आजार पसरत राहतो.

मी हिस्टोपॅथॉलॉजीत (काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या कामात) आहे, म्हणून सांगतो, रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीवर जाऊ नका, मायक्रोस्कोपीचा परिच्छेद वाचा. ग्रॅन्युलोमा मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मध्ये केसिएशन (पनीरासारखा मेलेला भाग) असेल तर पारडं टीबीकडे झुकतं. लहान, सुटे, मोजकेच असतील आणि भिंतीच्या सगळ्या थरांत लिम्फॉइड पुंजके (पांढऱ्या पेशींचे घोळके) असतील तर क्रोन्सकडे. ग्रॅन्युलोमाच्या पोटात पू असेल तर येर्सिनिया या जंतूचाही विचार करावा लागतो. झेडएन स्टेन (टीबीचे जंतू दाखवणारा रंग) निगेटिव्ह आला म्हणून टीबी सुटला असं समजू नका. आतड्याच्या टीबीत जंतू इतके थोडे असतात की तो बहुतेकदा निगेटिव्हच येतो.

आता खरा घोळ. भावाला आधी अँटिबायोटिक देऊन गाठ बसवली आणि महिना-दीड महिन्याने ऑपरेशन केलं, असं झालंय का? तसं असेल तर ग्रॅन्युलोमा, जाड भिंत, लिम्फॉइड पुंजके हे सगळं त्या रेंगाळलेल्या सुजेनेही होतं. हुबेहूब क्रोन्स दिसतो, आणि नसतो. ही माहिती आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर असायला हवी. येतं काय, तर 'ॲक्यूट अपेंडिसायटिस', तेही वाचता येईल अशी खात्री नाही.

सर्जन मंडळींशी माझं भांडण इथेच आहे. अपेंडिक्स ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवतात आणि नंतर ते कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं. पाठवलंच तर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत कोंबून, वर बोटभर फॉर्मलिन (नमुना टिकवणारं द्रावण). फॉर्मलिन नमुन्याच्या निदान दहापट लागतं आणि बाटली रुंद तोंडाची लागते. नाहीतर बाहेरून टणक झालेला नमुना चिरला की आतली म्यूकोसा (आतलं अस्तर) गळून गेलेली असते, आणि आम्हाला पाहायची असते तीच. टोक उभं चिरायचं, मधून आणि बुंध्यातून आडवे काप घ्यायचे. बुंध्याच्या कापात आजार असेल तर सीकममध्येही (अपेंडिक्स जिथे जोडलेलं असतं त्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीतही) असण्याची शक्यता मोठी. टीबीची जराही शंका असेल तर एक तुकडा साध्या सलाइनमध्ये हवा. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या तुकड्यावर कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही. 'पेशंटचा खर्च वाचवतो' म्हणणाऱ्यांना स्टेपलरचं बिल लावताना हा कळवळा येत नाही.

भावापुरतं बोलायचं तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला नमुना) मागून घ्या आणि पोटाच्या आजारांचे नमुने रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. जखम भरली की गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडून कोलोनोस्कोपी; दुर्बीण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात गेलीच पाहिजे, 'सीकमपर्यंत नॉर्मल' एवढ्याने भागत नाही. व्रण दिसला तर त्याचे तुकडे फॉर्मलिनमध्येही आणि सलाइनमध्येही, म्हणजे जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चर दोन्ही होतं. छातीचा एक्स-रे, सीटी एंटेरोग्राफी (लहान आतड्याचा सीटी) हेही करा. कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) ऑपरेशननंतर लगेच करू नका, वाढलेलंच येईल. त्या तपासणीआधीचे दोन आठवडे ब्रुफेन-डायक्लोफेनॅकही बंद हवं. ५० च्या खाली चांगलं, २५० च्या वर गेलं तर सूज आहे असं धरा.

सगळं स्वच्छ निघालं तर आजार अपेंडिक्सपुरताच होता आणि त्याबरोबर गेला. बहुतेकांना पुढे औषध लागत नाही, फक्त तपासणी चालू ठेवायची. व्रण निघाले आणि टीबी की क्रोन्स ठरत नसेल तर आधी एकेटी (टीबीची औषधं), मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. व्रण भरले तर टीबी. नुसतं बरं वाटतंय म्हणून ठरवू नका, क्रोन्सवाल्यांनाही एकेटीवर काही दिवस बरं वाटतं. एकेटी आणि स्टेरॉइड एकदम सुरू केलं तर कशाने फरक पडला ते कुणालाच सांगता येणार नाही.

हे वाचून अल्सरेटिव्ह कोलायटिसवाले (मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेचे पेशंट) विचारतील म्हणून: त्यात मोठ्या आतड्याचा मधला भाग स्वच्छ असूनही अपेंडिक्सच्या तोंडाशी लाल चट्टा दिसू शकतो, तेवढ्यावरून क्रोन्सचा शिक्का मारू नये. नेदरलँड्स, आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या अ‍ॅक्युअर चाचणीत आजार शांत असताना अपेंडिक्स काढलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना वर्षभरात तो उलटला, न काढलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. हा हिशेब क्रोन्सला लावू नका. तिथे सीकम सुजलेलं असताना बुंध्याला हात लावला तर फिस्टुला (आतड्यातून बाहेर पडणारी वाट) होण्याचा धोका असतो. भावाच्या जखमेतून विष्ठेसारखं पाणी येत असेल किंवा ताप असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आजच सर्जनकडे जा.

स्लाइड मी पाहिलेली नाही, हे धरूनच वाचा. पथ्याचं गॅस्ट्रोवाल्यांना विचारा.