अर्धा हिशोब

नागपूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात फोनबद्दल पाच ओळी आहेत आणि स्वयंपाकाच्या मावशींनी हप्त्यावर घेतलेल्या एसीबद्दल दीड पान. मावशींनी 2,000 रुपये उचल मागितली, पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे एसी लागला, आणि "ऐपत नसताना कशाला?" असं तू त्यांना तोंडावर विचारलंस. त्याच पत्राच्या शेवटी मिहानमधल्या तुझ्या ऑफिसात सगळ्या टीमकडे आहे म्हणून 60,000 चा फोन 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या, हप्त्यांवर घ्यावा का, असं मला विचारतोस. राजा, रागावलो नाही. पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. दोन्हीकडे तू अर्ध्या हिशोबावर उभा आहेस. माझं म्हणणं एवढंच: हिशोब पूर्ण झाल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि दुसऱ्याचा हिशोब पूर्ण दिसत नसेल तर बोलायचं नाही.

आधी फोन घेऊ. तू लिहिलंस, "व्याज नाही, 5,000 चे 12 हप्ते, साधं आहे." साधं नाही. क्रेडिट कार्डावरच्या 'नो कॉस्ट' हप्त्यात व्याज असतंच, फक्त ते किमतीतल्या सवलतीआड ठेवलेलं असतं. बँकेचा दर वर्षाला 15 टक्के धर. 5,000 च्या 12 हप्त्यांतून जे मुद्दल फिटतं ते 55,397 रुपये. उरलेले 4,603 व्याज. विक्रेता तेवढीच सूट आधी देतो, म्हणून बेरीज 60,000 च दिसते. पण बँक त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लावते, ते 829 रुपये. प्रोसेसिंग फी 199 असेल तर जीएसटीसह 235. हे 1,064 रुपये जाहिरातीत नसतात, कार्डाच्या बिलात येतात. फोन परत केलास तर फी आणि जीएसटी बहुतेक वेळा परत मिळत नाहीत. 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही, असं बँकांना स्पष्ट सांगितलं होतं. शब्द बदलले, गणित तेच राहिलं. म्हणून सीताबर्डीच्या दुकानात पहिला प्रश्न हप्त्याचा विचारायचा नाही. "आत्ता पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?" हा विचारायचा. त्या भावात आणि हप्त्यांच्या बेरजेत जो फरक निघेल, ती तुझ्या घाईची किंमत.

आता हे 60,000 तुझ्या पगाराशेजारी ठेव. तूच दिलेले आकडे आहेत: हातात 32,000. बेशाच्या खोलीचा तुझा वाटा 6,000, जेवणाचे 3,500, पेट्रोल 2,500, घरी 8,000, रिचार्ज, कपडे, दाढी-कटिंग, बाहेरचं खाणं मिळून 4,000. उरतात 8,000. महिन्याचे 26 दिवस कामाचे धरले तर दिवसाला 308 रुपये तुझे स्वतःचे. फोन, त्यावरचे 1,064, कव्हर आणि काच यांचे 1,200 धरून 62,264. भागून बघ. 202 दिवस. जवळपास आठ महिने तू खापरीपर्यंत कामाला जाशील-येशील ते त्या फोनसाठी. ही किंमत तुला पटत असेल तर घे, मी एक शब्द बोलणार नाही. पण विक्रेता किंमत वर्षाच्या 365 दिवसांवर वाटून सांगेल, "दिवसाला फक्त 164 रुपये पडतात." ते ऐकू नकोस. किमतीला भागायचं ते पगारातून आधी खर्च वजा करून, उरलेल्या रकमेनं. पूर्ण पगारानं भागलं की प्रत्येक वस्तू स्वस्त दिसते.

आणि तुझा जुना फोन खरंच संपला आहे का? हळू झालाय म्हणतोस. स्टोरेज 90 टक्क्यांच्या वर भरलं असेल तर फोन रखडू शकतो. व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ काढून टाक आणि दोन दिवस वापरून बघ. दुपारपर्यंत चार्ज संपत असेल तर बहुधा बॅटरी थकली आहे. ती बदलायला नव्या फोनच्या किमतीचा छोटासा भागच लागतो. सिक्युरिटी अपडेट बंद झाली असतील तर मात्र बदलायला हवा, कारण त्याच फोनवर तुझं बँकेचं खातं आहे. ही तीन उत्तरं वहीत लिहिल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नकोस.

वही म्हणजे खरीच वही. अॅप नको. यूपीआयने पैसे जाताना हाताला काही जाणवत नाही, म्हणून ते हाताने लिहायचे. दर रविवारी अर्धा तास. यूपीआयचा आठवड्याचा इतिहास उघड आणि डाव्या पानावर एकेक ओळ उतरव. 20 रुपयांची तर्री पोह्याची प्लेटसुद्धा. उजव्या पानावर घ्यायच्या वस्तू: नाव, तारीख, आजचा भाव. नाव लिहिल्यावर 15 दिवस घ्यायचं नाही, मात्र भाव दर रविवारी लिहीत राहायचा. साडेतीन मुहूर्तांभोवती आता इतके सेल आहेत की 'आज शेवटचा दिवस' हा दर महिन्याला येतो. तीन रविवारांचे भाव एकाखाली एक दिसले की तो दबाव आपोआप उतरतो. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. कंटाळा आला तरी लिही. लिहिलेला नाही तो हिशोब अर्धा.

कार्डाचं एक ठाम सांगतो. बिलावर 'किमान देय रक्कम' असते, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. बिल 40,000 आणि किमान रक्कम 5 टक्के, म्हणजे 2,000 भरलेस, तर उरलेल्या 38,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी 1,330 व्याज आणि त्यावर 239 जीएसटी. तू भरलेल्या 2,000 पैकी कर्ज कमी झालं 431 रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल भरेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, किराणा घेतलास तरी त्या दिवसापासून व्याज. गाडीच्या कर्जातही असंच फसायला होतं. "फक्त 10 टक्के फ्लॅट" म्हणतात. 80,000 वर तीन वर्षांचे 24,000 व्याज, हप्ता 2,889. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण 80,000 वर लागतं, म्हणून खरा दर 18 टक्क्यांच्या जवळ जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, देणं बंधनकारक आहे, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात वार्षिक टक्केवारीचा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद माग. देत नसतील तर उठून ये.

आता मावशींचा एसी.

तुझं म्हणणं, कूलर पुरला असता. त्यांच्या खोलीला खिडकी किती आहेत, तुला माहीत आहे? कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो, आणि ती हवा दुसऱ्या बाजूने बाहेर गेली तरच गारवा टिकतो. तीन भिंती शेजाऱ्यांना लागून असतील तर तोच कूलर खोलीत दमट वाफ भरतो. मोठा कूलर मेच्या दुपारभर 50-60 लिटर पाणी सहज पितो. नळ एक दिवसाआड येत असेल तर ते पाणी कुठून? टाकी आठवड्याला घासली नाही तर डासांच्या अळ्या होतात. आणि जूनमध्ये हवेत ओल आली की कूलर काही कामाचा राहत नाही, उकाडा मात्र राहतो. घरात लहान मूल असेल, रातपाळी करणारा कोणी दिवसा टिनाखाली झोपत असेल, तर 45 अंशांत त्याची झोप कितीला पडते, हे तुझ्या वहीत कुठे लिहिलं आहेस?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझाही हिशोब अर्धा. टिनाखाली एसी उशिरा गारवा देतो, कारण छत दिवसभर तापलेलं असतं. खालून थर्माकोलचं छत आणि वरून पांढरा चुना, एवढं केलं तर फरक पडतो. स्टँड, जास्तीचा तांब्याचा पाइप, स्टॅबिलायझर, वेगळी जाड वायर आणि जास्त भार आला की वीज तोडणारा एमसीबी हे सगळं किमतीबाहेर असतं. विजेचं तर अजून वेगळं. घरातला इतर वापर 90 युनिट आणि 200 वॅटचा कूलर रोज 12 तास, म्हणजे 72. बिल 162 युनिटचं. त्याऐवजी दीड टनाचा एसी तासाला सव्वा युनिटच्या आसपास घेत रोज 8 तास चालला तर 300. बिल 390 युनिटचं. महावितरणचा दर 100 आणि 300 युनिटच्या टप्प्यांवर चढतो, म्हणून वरचे युनिट सगळ्यात महाग पडतात. एसीवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट असतात, ते 1,600 तासांचे, म्हणजे रोज 8 तास धरले तर 200 दिवसांचे.

म्हणजे त्यांनी चूक केली असेल. नसेलही. तुला ते ठरवता येत नाही, कारण त्यांच्या वहीतली एकच ओळ तू वाचली आहेस. उचल दिलीस म्हणून बाकीची पानं तुझी होत नाहीत. ती उचल त्यांच्या पुढच्या महिन्याच्या कामावर आहे, उपकार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपल्या पायांसाठी आहे, दुसऱ्याचं अंथरूण मोजायला नाही.

तू ओघात तुझ्या आईच्या सोन्यावरही घसरलास, त्याचं थोडक्यात सांगतो. इतवारीच्या सराफ्यात 100 रुपयांच्या सोन्यावर 12 टक्के घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी धरला तर दागिना 115 रुपये 36 पैशांना पडतो, आणि विकताना सोन्याचेच पैसे मिळतात. म्हणून दागिना ही तोट्यातली बचत, हे तुझं गणित बरोबर आहे. पण रात्री दवाखान्यात नेण्याची वेळ आली तर सकाळी तारण ठेवून तासाभरात पैसे मिळतात, ते कुणाकडे हात न पसरता. त्या 15 रुपयांत हेही येतं. तुझ्या हिशोबात ते नव्हतं. हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, बघून घेते की नाही, एवढंच आईला विचार.

तान्ह्या पोळ्याला शेजारच्यांनी नातवासाठी केवढ्याचा लाकडी नंदी आणला, लग्नात कुणी किती पंगती उठवल्या, कोणी ऋण काढून सण केला, अशी मतं देत आयुष्याचा बराच वेळ जातो. माझाही गेला. ती मतं परत घेता येत नाहीत, आणि ऐकणारी माणसं विसरत नाहीत, याची मला खंत आहे. म्हणून या एका बाबतीत मी हट्टी झालो आहे. लोक मला चिकट म्हणतात, जुनाट म्हणतात, म्हणू देत. पूर्ण हिशोब मांडणाऱ्याला चिकट म्हणणारेच नंतर किमान देय रक्कम भरत बसतात. हे थोडं कडवट झालं, पण खोडत नाही.

तुझ्याकडे महिन्याला 8,000 उरतात, ही लहान गोष्ट नाही. पहिले नऊ महिने ते आवर्ती ठेवीत टाक, 72,000 होतील. घरचे 8,000 धरून तुझा महिन्याचा खर्च 24,000 आहे, म्हणजे तीन महिने नोकरी नसली तरी घर चालेल. त्यानंतरच्या आठ महिन्यांत फोन. तोवर हाच मॉडेल बराच उतरलेला असेल.

येत्या रविवारी वही आणि कार्डाचं मागचं बिल घेऊन ये, सकाळी ये, ऊन चढायच्या आत. आणि मावशींना जे बोललास त्याबद्दल त्यांच्याशी नीट बोल, उचलीचा विषय न काढता. त्यांनी एसीबद्दल काही विचारलं तर सांग: 26 वर ठेवून सोबत पंखा लावायचा, फिल्टर 15 दिवसांनी साध्या पाण्याने धुवायचा, आणि उन्हात नाही, सावलीत वाळवायचा. विचारलं तरच.

तुझा,
काका