गोलूचे चारही पाय

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला. फोन केला असता, पण फोनवर तू दर वाक्याला ‘पण मावशी’ म्हणतोस आणि माझं अर्धं बोलणं तसंच राहतं. म्हणून लिहिते आहे. सगळं वाचून झाल्यावरच उत्तर दे.

तू विचारलं आहेस की तुझ्या सशाला, गोलूला, तू आवडत नाहीस का. इतके महिने त्याचं सगळं तू करतोस, आणि छातीशी धरलं की तो ओरबाडतो, लाथा झाडतो, सुटला की कपाटामागे जाऊन बसतो. बाळा, त्या ओरखड्यांवरून एवढंच कळतं की त्याला उचललेलं आवडत नाही. तुझ्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. बहुतेक सशांना उचलून घेतलेलं आवडत नाही. काही ते सहन करतात, अगदी थोडे त्यात खरंच रमतात. गोलू त्या थोड्यांतला नाही, आणि त्याने त्यांच्यातलं व्हावं म्हणून तुझी जी धडपड चालली आहे ती आजपासून बंद कर.

मी सगळ्यांना एकच सांगत आले आहे, तुलाही तेच सांगते. गरज त्याची असेल तर उचल. हौस तुझी असेल तर खाली बस.

पाळलेला ससा मुळात स्पेन-पोर्तुगालकडच्या रानटी सशांचा वंशज. ते बिळं करून कळपाने राहणारे. आपल्या पांडवलेण्यांच्या मागे किंवा माळावर संध्याकाळी पळताना दिसतो तो ससा वेगळा. तो बीळ करत नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडायला आणि पाळायला बंदी आहे, हे तुझ्या मित्रांनाही सांग. पण भीती दोघांची सारखीच. घार, कोल्हा, रानमांजर, सगळ्यांच्या ताटातलं हे जनावर. रानात सशाचे पाय जमिनीवरून सुटतात ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी नखांत किंवा दातांत. तू प्रेमाने उचलतोस हे त्याला कसं कळावं? पायाखालची जमीन गेली, एवढंच त्याच्या अंगाला कळतं.

त्यात तू त्याला धरतोस कसं, तेही तूच लिहिलं आहेस: समोरून जाऊन, वरून हात घालून. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला मागचं दिसतं, वरचं दिसतं, दिसत नाही ते नेमकं नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं. म्हणजे वरून झेपावणारी सावली त्याला दिसते आणि पुढे येऊन वास घ्यायला दिलेला हात शेवटच्या क्षणी दिसेनासा होतो. हात बाजूने, हळू, जमिनीलगत ने. कपाळावर, गालांवर, कानांच्या मुळाशी खाजव. पोट, पाय, शेपूट आणि हनुवटी सोडून दे.

आता जे लिहिते ते तुझ्या धाकट्या बहिणीला, चिऊलाही वाचून दाखव. मांजराच्या वजनात हाडांचा वाटा बारा-तेरा टक्के असतो, सशाच्या वजनात जेमतेम सात-आठ. हाडं अशी हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त. हवेत धरलेल्या सशाने जीव खाऊन लाथ झाडली आणि कंबर नीट आधारलेली नसली, तर त्याच्या स्वतःच्याच जोराने पाठीचा कणा मोडू शकतो. तो हातातून पडायलाही लागत नाही. मोडला की मागचे पाय लुळे पडतात आणि पुढे बहुतेक वेळा काही करता येत नाही. म्हणून लहान मुलांच्या हातात ससा द्यायचा नाही. मुलं जमिनीवर बसतील, ससा त्यांच्याजवळ येईल किंवा येणार नाही.

हे मी जन्मभर सांगते आहे आणि त्यापायी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घर पोरांनी भरायचं आणि प्रत्येकाला माझा ससा काळू मांडीवर हवा असायचा. मी म्हणायचे, फरशीवर बसा, हातात कोथिंबिरीची काडी धरा आणि गप्प राहा. पाच मिनिटं गप्प बसणं त्यांना जमायचं नाही, आयांना राग यायचा. एकदा एका शाळेने प्राणी-ओळखीच्या कार्यक्रमासाठी माझे ससे मागितले, मुलांना हात लावायला मिळावा म्हणून. मी नाही म्हटलं. त्या बाई म्हणाल्या, एवढं काय, ससेच तर आहेत. माझ्या चुलत भावाची नात तर रडत घरी गेली आणि पुन्हा कधी आली नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं, ती पोर माझी लाडकी होती. पण आज काळू असता आणि ती येऊन त्याला उचलून दे म्हणाली असती, तरी मी पुन्हा नाहीच म्हटलं असतं. माणसाच्या पोराचं रडणं संध्याकाळपर्यंत थांबतं. लोक मला तुसडी म्हणतात. माझे ससे म्हातारे होऊन गेले, आणि माझ्या घरात ते माणसाला बघून लपत नसत. याहून वेगळा पुरावा मला कुणाला द्यायचा नाही.

असो. मी तुझ्याबद्दल लिहायला बसले होते.

तू दोन रील पाठवले आहेस. एकात ससा उताणा, चारही पाय वर, एक बाई त्याचं पोट चोळते आहे आणि खाली लिहिलं आहे ‘किती शांत झोपलाय’. तो झोपलेला नाही. पकडला गेलेला ससा शेवटचा उपाय म्हणून निपचित पडतो, की शिकारी पकड सैल करेल आणि पळता येईल. अभ्यासकांनी अशा अवस्थेतल्या सशांचं मोजमाप केलं, तेव्हा हृदयाचे ठोके, श्वास आणि रक्तातलं ताणाचं संप्रेरक, तिन्ही वाढलेले होते. गोलूला असं कधीही उताणं करू नकोस. ‘एकदाच करून बघितलं’ असं तू लिहिलं आहेस. ते एकदाच राहू दे. दुसऱ्या रीलमधला ससा खुर्चीवरच्या माणसाच्या कुशीत डोळे मिटून आहे. तो कदाचित खरंच खूश असेल. पिल्लं जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात, आई दूध पाजते त्या वेळेच्या आसपास माणसाने हळुवार हाताळली, तर मोठेपणी ती माणसाला कमी घाबरतात. गोलू तुझ्याकडे आला तो दुकानाच्या पिंजऱ्यातून, दोन महिन्यांचा होऊन. तो पहिला आठवडा त्याला मिळाला की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, आणि मागे जाऊन तो देताही येणार नाही. दुसऱ्याच्या सशाचं माप गोलूला लावू नकोस.

मग तुझी आई विचारते तसं, ‘उचलून घ्यायचं नाही तर पाळायचा कशाला?’ हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. आईला सांगू नकोस, किंवा सांग, माझी मैत्रीण आहे ती. कुशीत मावतं तेवढंच प्रेम असतं का? तू लिहितोस की तू अभ्यास करत असलास की गोलू येऊन तुझ्या पायाला नाकाने ढोसतो. तुझ्या वहीच्या कोपऱ्यावर हनुवटी घासतो. हनुवटीखाली त्याच्या वासाच्या ग्रंथी असतात. ही वही माझी, असं तो घरभर सांगून ठेवतो आहे. संध्याकाळी खोलीभर धावून हवेत उडी मारतो आणि अंग पिरगळतो, ते निव्वळ आनंदाने. तुझ्यापासून हातभर अंतरावर धप्पकन कुशीवर पडून राहतो. ज्या जनावराला सगळं जग खाऊ शकतं ते पाय पसरून पडतं, तेव्हा त्याने तुझ्यावर केवढा विश्वास टाकलेला असतो! हे सगळं तूच लिहिलं आहेस, एकाच मेसेजमध्ये, आणि शेवटी विचारतोस की त्याला मी आवडत नाही का. पुन्हा वाच स्वतःचा मेसेज.

खाली बस म्हणते ते शब्दशः. रोज संध्याकाळी, तो जागा आणि ताजातवाना असतो तेव्हा, फरशीवर चटई टाक आणि आडवा हो. पुस्तक वाच. त्याच्याकडे बघू नकोस, हात पुढे करू नकोस. तो येईल, हुंगेल, अंगावर चढेल, शर्ट चावेल. चढू दे. आला म्हणून लगेच मिठी मारायची नाही! डोकं जमिनीला टेकवून तुझ्या हातापुढे बसला की समज, कपाळ खाजवून मागतो आहे. खाजवताना दात अगदी हलके वाजले की त्याला बरं वाटतं आहे. पण कोपऱ्यात अंग आखडून बसला असेल आणि दात करकर वाजत असतील, तर ते दुखणं आहे, तेव्हा खाजवत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. मागचा पाय जमिनीवर आपटला तर तो घाबरला आहे. हात काढून घे. हात काढून घेतला जातो हे त्याला जितक्या वेळा कळेल तितका तो जवळ येईल. मिठीत दाबून धरलेला ससा यातलं काहीच शिकत नाही.

आता गरजेचं उचलणं. ते तुला यायलाच हवं, कारण नखं कापावी लागतात, दात बघावे लागतात (सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात), आणि आपल्या पावसाळ्यात तर शेपटीखालचा भाग रोज बघावा लागतो. तिथे घाण चिकटून राहिली तर माश्या अंडी घालतात आणि अळ्या कातडीत शिरतात. दिवसाच्या आत ससा हातचा जातो. तेव्हा उचल, पण जमिनीवर बसून. एक हात पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा पूर्ण ढुंगणाखाली, आणि लगेच अंगाशी घे म्हणजे लाथ मारायला जागाच राहणार नाही. कान धरून कधीही नाही, मानेची कातडी धरूनही नाही. रोज थोडी सवय लाव: छातीखाली हात घालायचा, कोथिंबिरीची काडी द्यायची, हात काढायचा. मग दोन्ही हात. मग बोटभर वर. घाई करशील तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डॉक्टरांकडे न्यायचा पिंजरा दार उघडं ठेवून खोलीतच असू दे, आत गवत घाल. आपण होऊन आत जाणाऱ्या सशाला धरावं लागतच नाही.

इंदिरानगरच्या तुझ्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मार्चपासून काय होतं ते मला माहीत आहे. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा अठ्ठावीसच्या पुढे गेला की त्याला जड जायला लागतं आणि आपल्याकडे एप्रिल-मे चाळिशीला टेकतात. अशा दुपारी त्याला अंगाशी धरणं म्हणजे तुझ्या अंगाची ऊबही त्याच्यावर लादणं. त्याला उघडी फरशी दे, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेव, पाणी बाटलीऐवजी जड वाटीत दे. निफाडकडचा पारा घसरला म्हणून थंडीत स्वेटर घालू नकोस, वारा लागला नाही आणि कोरडं राहिलं की थंडी तो सोसतो.

खाण्याचं थोडक्यात. पोट भरायचं ते वाळलेल्या गवताने. लसूणघास वाढत्या पिल्लाला ठीक आहे, मोठा झाला की रोज नको, त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार. द्राक्षाचा हंगाम आला की आपल्याकडे येणारा-जाणारा पिशवी ठेवून जातो. त्यातला अर्धा मणी गोलूचा, बाकी तुमचा.

आणि त्याला कुशीत झोपायला कुणीतरी हवं आहे असं तुला खरंच वाटत असेल, तर दुसरा ससा आण. एकमेकांना चाटणं, अंगाला अंग लावून पडणं त्यांना मनापासून आवडतं. पण आधी नसबंदी, नंतर हळूहळू ओळख. ससा उलटी करू शकत नाही, म्हणून भुलीआधी त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. डॉक्टर निवडताना हेच विचार. रात्रीपासून काही देऊ नका असं सांगतील तर नम्रपणे बाहेर पड.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी येते. रिक्षात घालून त्याला इकडे आणू नकोस. नखं कशी कापायची ते तिथेच दाखवते, टॉवेल आणि टॉर्च काढून ठेव. तोवर त्याने बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर माझी वाट बघायची नाही, थेट दवाखाना आणि मग मला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आईला नमस्कार. चिऊला सांग, तिच्यासाठीही चटई टाकायची.

तुझी,
मावशी