झुंजायचं की माघार घ्यायची, हे प्राणी कसं ठरवतात?
बहुतेकदा अंगाला अंग भिडण्याआधीच, समोरच्याचा दम जोखून. स्कॉटलंडमधल्या रम बेटावरच्या रेड डिअर हरणांवरचा टिम क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह अ‍ॅल्बन यांचा १९७९चा अभ्यास यासाठी आवर्जून वाचावा असा आहे. माजावर आलेले दोन नर आधी आळीपाळीने डरकाळ्या फोडतात. थकलेल्या नराला तो वेग टिकवता येत नाही, त्यामुळे इथे खोटा आव चालत नाही. तेवढ्याने निकाल लागला नाही तर दोघं शेजारी-शेजारी, ताठ पावलं टाकत एकमेकांना न्याहाळत चालतात. बरेच नर इथूनच मागे फिरतात, आणि ते योग्यच, कारण शिंगांच्या झुंजीत डोळा जाऊ शकतो, पाय मोडू शकतो. मात्र दोघं तुल्यबळ असतील तर शिंगं भिडण्याची शक्यता बरीच वाढते.