वाचकांचे प्रश्न : जपानी अक्षरं डोक्यात राहत नाहीत

प्रश्न : वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या जपानी पर्यटकांना माहिती सांगता यावी म्हणून जपानी शिकतो आहे. हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ अक्षरमाला, रोज पानभर गिरवतो, तरी चार दिवसांनी निम्मी अक्षरं आठवत नाहीत. काताकानात, म्हणजे परकी शब्द लिहायच्या दुसऱ्या अक्षरमालेत, तर सगळं सारखंच दिसतं. काय चुकतंय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गिरवण्यातच चुकतंय. नमुना समोर ठेवून एकच अक्षर पन्नासदा काढलं की हात वळतो, पण आठवायचं काम डोक्याला पडतच नाही. तीनदा बघून काढा, मग नमुना झाका आणि नुसत्या उच्चारावरून काढा. अडलात तरी दहा सेकंद थांबा, मगच बघा. अक्षरांच्या तक्त्यातल्या रोज दोन ओळी घेतल्या तर 46 अक्षरं पाच-सहा दिवसांत होतात. शिकलेली ओळ दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा काढा. आणि अक्षरांच्या डोक्यावर देवनागरी उच्चार लिहिले असतील तर खोडून टाका. ते असेपर्यंत नजर त्यांच्यावरच जाणार.

देवनागरीचा उपयोग क्रमासाठी करा. आ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व : ही आपलीच वर्णमाला आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची सिद्धम् लिपी जपानात गेली, तिच्या अभ्यासातून हा क्रम आला. 'प'च्या जागी 'ह' दिसतो, कारण त्या ओळीचा जुना उच्चार 'प' होता. आजही 'हा'ला छोटं वर्तुळ दिलं की 'पा' होतो, दोन रेघा दिल्या की 'बा'. 'का'चा 'गा', 'ता'चा 'दा' याच दोन रेघांनी होतो, त्यामुळे ती अक्षरं वेगळी पाठ करायची नाहीत. 'त्सु'ला मराठी माणसाने घाबरूच नये, 'चूल'मधला 'चू' म्हणा.

काताकानात खरी अडचण चार अक्षरांची : शि, त्सु, न् आणि सो. शि आणि न् यांच्या छोट्या रेघा डाव्या बाजूला, 'शि'च्या दोन्ही एकाखाली एक. मोठी रेघ खालून वर जाते. त्सु आणि सो यांच्या छोट्या रेघा वरच्या अंगाला, 'त्सु'च्या शेजारी शेजारी. मोठी रेघ वरून खाली येते. रेघेची दिशा चुकवली की अक्षरच बदलतं. सरावाला तुमचाच शब्द घ्या. अजिंठा काताकानात 'आ, जि, छोटा या, न्, ता, आडवी रेघ' असा लिहितात. 'जि' म्हणजे दोन रेघा दिलेला 'शि', म्हणजे चारांतली दोन अक्षरं एकाच शब्दात आली. शेवटची आडवी रेघ स्वर लांबवते. ती गाळू नका. जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी.

प्रश्न : एन-5 या जपानीच्या सर्वांत सोप्या पातळीच्या परीक्षेसाठी कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं, कशी पाठ करावीत? एकेका चिन्हाचे चार-चार उच्चार आहेत.
— नर्सिंगची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : सुटं चिन्ह आणि त्याच्या उच्चारांची यादी पाठ करू नका, शब्द पाठ करा. 'निचियोओबी' म्हणजे रविवार. त्यात सूर्याचं एकच चिन्ह सुरुवातीला 'निचि' आणि शेवटी 'बी' वाचतात. यादी पाठ असून इथे उपयोग होत नाही, शब्द येत असला की झालं. चिन्हांचे तुकडे मात्र ओळखा. एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं म्हणजे राई, तीन म्हणजे जंगल. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. बांधावरच्या लिंबाखाली बसलेला गडी डोळ्यांपुढे आणा, विसरणार नाही.

एन-5ला साधारण शंभर कांजी पुरतात. रोज तीन घ्या, प्रत्येकीचे दोन शब्द. जपानी मुलंसुद्धा 1026 कांजी प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात, तेव्हा घाई नको.

प्रश्न : मोबाइलवर टाइप करता येतं, मग हाताने लिहायलाच हवं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : एन-5मध्ये पर्याय निवडायचे असतात, लिहायचं काही नसतं. तरीही हिरागाना, काताकाना आणि पहिल्या शंभर कांजी चौकटीच्या वहीत हाताने काढाच. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी-उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर बहुतेकदा आडवी आधी. चिन्हालाच बाहेरून चौकट असेल तर तिची खालची रेघ आतलं भरून झाल्यावर. त्यापुढच्या कांजी वाचता आल्या तरी चालतील.