मन शांत करणे म्हणजे काही वाटू न देणे का?

चि. सानिका,

अनेक आशीर्वाद. मागच्या आठवड्यात लोझानला, तुझ्या विद्यापीठात, परत निघताना स्टेशनवर तू मला विचारलेस, की आबा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा मी एकदाही रडले नाही, तर मन शांत करणे म्हणजे मनाला काही वाटूच न देणे असते का; आणि पुढे असेही म्हणालीस, की तुमच्या विद्यापीठातले समुपदेशक भावना दाबू नका असे सांगतात आणि आपल्या घरात मात्र दाबण्यालाच योग म्हणतात. गाडी आली म्हणून उत्तर राहिले. तो प्रश्न मला लागला. घरी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात मी त्याला बरीच उत्तरे दिली, पण त्यांतले एकही मला पुरेसे वाटले नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुला काही पटवून देण्याचा हेतू नाही. ज्या घरात मी हे सगळे पाहिले ते घर तुला नीटसे ठाऊक नाही, निदान ते तुझ्यासमोर ठेवावे एवढेच मनात आहे.

साताऱ्याचे घर तुला आठवते ते मामाने मागच्या खोल्या वाढवल्यानंतरचे. माझ्या लहानपणी पुढे पडवी, मधे माजघर आणि मागे स्वयंपाकघर एवढेच होते. आबा पहाटे पाचच्या आधी उठत, बंब पेटवत, आंघोळ करून पडवीत नमस्कार घालत आणि मग घडी केलेल्या धाबळीवर डोळे मिटून बसत. आम्ही भावंडे माजघरात अंथरुणात असायचो. प्रत्येक नमस्काराआधी ते सूर्याचे एकेक नाव हलक्या आवाजात घेत, आणि 'भास्कराय नमः' ऐकू आले की एक फेरी झाली हे आम्हाला झोपेतही कळे. त्यानंतर जी शांतता पसरे तिचा मला लहानपणी धाक वाटे, कारण तेवढ्या वेळात भांडे जरी वाजले तरी माईआत्या आमच्याकडे डोळे वटारून बघायची.

आबांना हे वळण शाळेने लावले होते. ते मूळचे आटपाडीचे, आणि आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत, घरातल्या सगळ्यांकडून घालून घेत, आणि आपल्या संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी तो नित्याचा भाग करून टाकला होता. १९३८ साली लंडनमध्ये त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात नमस्कार दहा अवस्थांचा आहे, आणि आबाही शेवटपर्यंत दहाच मोजत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते शाळकरी होते. माणदेशातली ती दुष्काळाची वर्षे, पोटात पुरेसे अन्न नसे, आणि सकाळी रांगेत उभे राहून नमस्कार घालायचे म्हणजे जिवावर येई, असे त्यांनीच मला सांगितले आहे. म्हणजे ज्यांच्याकडून मी हे घेतले, त्यांच्यावरही ते आधी लादलेलेच होते. हे मुद्दाम लिहिते, कारण आबा जन्मापासूनच शांत होते अशी तुझी समजूत आहे. तसे ते नव्हते. तरुणपणी शाळेत त्यांच्या रागाची मुलांना भीती वाटायची, आणि बसण्याची सवय त्यांनी मोठेपणी पुन्हा धरली ती त्या रागासाठी, असे आजी सांगायची.

संध्याकाळी दिवा लागला की परवचा आणि त्यानंतर मनाचे श्लोक असत. सज्जनगड साताऱ्याहून इतका जवळ, की समर्थ आमच्या लेखी ग्रंथातले नव्हतेच, डोंगरावर राहणारे कोणी वडीलधारे होते. श्लोक दोनशे पाच. आम्ही रोज थोडे थोडे म्हणत पुढे जायचो. अर्थ कळत नसे, पण भुजंगप्रयात वृत्ताच्या चालीत श्वास आपोआप एका लयीत येई आणि ओळ संपेपर्यंत सोडलेला श्वास पुरवून वापरावा लागे. पुष्कळ वर्षांनी प्राणायाम शिकले तेव्हा जाणवले, की लांब श्वास सोडायला मी त्या संध्याकाळीच शिकले होते. आणखी एक गोष्ट तेव्हा नकळत मनात गेली, ती अशी की त्या श्लोकांत माणूस आपल्या मनाशी बोलतो, त्याला हाका मारतो, समजावतो, सज्जन म्हणून त्याचा मान ठेवतो. मनाला गप्प करण्याची भाषा मी त्या ओळींत ऐकलेली नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मी सहावी-सातवीत असताना माझे धाकटे काका पावसाळ्यात अपघाताने गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून पडवीच्या दारात आले, तर आबा नेहमीच्या जागी बसलेले होते. पाठ ताठ होती, डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहून छातीवर येत होते. श्वास मधेच तुटायचा, पुन्हा लागायचा. त्यांनी डोळे पुसले नाहीत आणि उठलेही नाहीत. मी तशीच परत जाऊन पडले. कॉलेजात असताना एकदा धीर करून त्यांना त्या सकाळबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, "रडू येत होते, ते येऊ दिले. ते थांबवायला मी बसलो नव्हतो. त्याच्यामागे धावत सुटू नये म्हणून बसलो होतो." शांत मनाबद्दल मला जे काही कळले आहे, त्यातले बहुतेक या एका उत्तरातून कळले आहे.

पण एवढेच सांगून थांबले तर मी तुझ्याशी अर्धवट बोलले असे होईल, कारण त्याच घरात माईआत्याही होती. आबांची ही मोठी बहीण पंचविशीच्या आत विधवा होऊन माहेरी आली आणि मग आयुष्यभर आमच्याकडेच राहिली. तिला जो तो सांगत असे, "माई, मन आवर." माझे आजोबा सांगत, शेजारच्या बायका सांगत, हळदीकुंकवाला तिला बोलवायचे टाळून वर त्याच बायका हेही सांगत. आजोबांनी एकदा आमटी खारट झाली म्हणून भरले ताट भिरकावून दिले होते. त्यांना मन आवरायला कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. आबा पडवीत बसत तेव्हा स्टोव्ह पेटवणे, दूध घेणे, आमचे डबे करणे हे सगळे आत्या आणि आजी करत असत. "हळू बोला, आबा बसलेत" हे आम्ही रोज ऐकत होतो. "हळू बोला, आत्या बसली आहे" असे त्या घरात कधी कोणी म्हटले नाही, कारण ती कधी बसलीच नाही.

तिला मी विचारले होते, की तू ध्यान का करत नाहीस. ती तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "निवडताना मन तांदळातच ठेवावं लागतं गं. ते दुसरीकडे गेलं की खडा राहतो." हे वाक्य मी पुष्कळांना कौतुकाने सांगत आले आहे, बहुधा तुलाही सांगितले असेल. ते खोटे नाही, हातातल्या कामावर मन ठेवणे हा अभ्यासच आहे. पण हल्ली ते सांगताना मी अडखळते. तिला कोणी सकाळचा तासभर मोकळा दिला असता, तर तिने तो तांदूळ निवडण्यात घालवला असता का? शांततेची शिकवण ज्या घरात दिली जाते, तिथे ती कोणासाठी असते आणि कोणावर टाकली जाते, हे बघायला हवे असे मला आता वाटते. तुझे समुपदेशक ज्याला दाबणे म्हणतात ते आपल्या घरांत झालेले आहे, आणि योगाचे नाव घेऊन झालेले आहे. तेवढ्यापुरता तुझा आक्षेप मला मान्य आहे.

मात्र तो दोष योगसूत्रे रचणाऱ्या पतंजलींच्या माथी मारावा असे मला वाटत नाही. आबांच्या टेबलावर योगसूत्रांची बारीक टाइपाची पोथी असे. तिच्यात पहिल्याच पादात, म्हणजे प्रकरणात, मन विखुरले की त्याबरोबर काय काय येते ते सांगितले आहे: दुःख, खिन्नता, अंगाला सुटणारा कंप आणि बिघडलेला श्वास. दुःखाशेजारी श्वास ठेवणाऱ्या माणसाने दुःख जवळून पाहिले असणार, असे आबा म्हणत. त्यानंतर लगेचच दुःखी माणसाबद्दल करुणा बाळगल्याने चित्त प्रसन्न होते असेही तिथे आहे. ज्याला काही वाटत नाही, त्याच्याकडून करुणेची अपेक्षा कोण करील?

एक ठिकाण मात्र मलाही अवघड जाते. चित्ताच्या ज्या पाच वृत्ती शांत व्हायला हव्यात, त्यांत स्मृतीही मोजलेली आहे. म्हणजे आबांची आठवण हीसुद्धा एक लाटच, आणि तीही निवावी असे म्हणायचे का? या वृत्ती क्लेश देणाऱ्या आणि क्लेश न देणाऱ्या अशा दोन्ही असतात, एवढे सूत्रकार सांगतात, आणि मी सध्या तेवढ्यावर थांबले आहे. आबांची आठवण पुसली जावी असे मला वाटत नाही आणि त्यासाठी मी कधी बसणारही नाही.

शरीराची बाजू तुला अधिक पटेल म्हणून तीही थोडक्यात लिहिते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. हे मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे होते, आणि म्हणून श्वास सावकाश सोडला की शरीर आधी निवते आणि मन त्याच्यामागून येते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केले ते अशाच गोष्टी यंत्रे लावून तपासून पाहण्यासाठी. क्ष-किरणांनी त्यांनी योगक्रियांचा अभ्यास केला होता. निवृत्त झाल्यावर आबा तिथे काही दिवस राहून आले आणि परत आल्यावर घरातल्या प्रत्येकाची नाडी धरून हे समजावू लागले. इथे स्वित्झर्लंडमध्येही ही विद्या आपल्याआधी येऊन पोहोचली आहे. पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांना व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५४ साली ग्श्टाडला घेऊन आले, तेव्हा तुझे आबा मिसरूड फुटण्याच्या वयाचे होते. म्हणून तू तुझ्या योगवर्गात जे शिकतेस ते परके आणि आपले तेवढे अस्सल, असे मी कधी म्हणणार नाही. तुझी शिक्षिका तुला दहा मिनिटे स्वतःसाठी बसायला सांगते. माईआत्याला असे सांगणारे कोणी भेटले नाही.

आता माझ्याबद्दल. तू पाहिलेस ते खरे आहे, मी रडले नाही. ते सगळे दिवस माणसे येत होती, मामाला एकट्याला काही सुचत नव्हते, गुरुजींची यादी, भेटायला येणाऱ्यांचा चहा, बँकेची कागदपत्रे यांत दिवस जाई. पहाटे मात्र मी पडवीत आबांच्या जागी बसत होते. श्वास कितीतरी वेळ खाली उतरतच नसे. आठवड्याच्या औषधांची त्यांची डबी खिडकीत होती आणि तिच्यातले शुक्रवारपासूनचे कप्पे भरलेलेच राहिले होते. त्या डबीकडे पाहिले की माझे हात थरथरत. मामाचा राग येई, माझा इतक्या लांब राहण्याचा विचार येई, तुझ्या आवाजाने बरे वाटे. इतके सगळे वाटत होते आणि तरी रडू आले नाही. ते आबांकडून मिळालेले स्थैर्य होते, की माईआत्याला रोज "मन आवर" ऐकताना पाहत वाढलेल्या मुलीची ती सवय होती, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही एकाच घरातून आले आहे, त्यामुळे ते वेगळे करणे मला कठीण जाते आहे. पण काही वाटले नाही हे खरे नाही, आणि तुला तसे वाटून राहू नये.

रथसप्तमीला मी फोन करून नमस्कार घातलेस का असे विचारणार नाही. तुला बसावेसे वाटले तर बस, आणि रडू आले तर आबांसारखे येऊ दे. समुपदेशकांकडे जाते आहेस ते चालू ठेव. त्याने माझा कोणत्याही प्रकारे अपमान होत नाही. फक्त माईआत्याबद्दल तुला आणखी जाणून घ्यावेसे वाटले, तर नाताळच्या सुट्टीत आपण दोघी साताऱ्याला मामीला फोन करू. आत्याची शेवटची वर्षे तिच्याजवळ गेली, आणि मी इथे जे लिहिले आहे त्यात काही वेगळे असेल तर ती मोकळेपणाने सांगेल.

तुझी,
आई