बस्ता, हिमरू आणि वर्षाची तूरडाळ
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलीच्या लग्नाचा बस्ता संभाजीनगरात बांधायचा आहे. एक पैठणी खरी हवी. ती शहरातच घ्यावी, पैठणला जावं की येवल्याला? आणि खरी कशी ओळखावी? (परतूर)

देण्याघेण्याच्या साड्या, टॉवेल-टोपी, आहेर हे सगळं गुलमंडी, टिळक पथ आणि औरंगपुऱ्यात पायी फिरून होतं. दुपारनंतर तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून दुकानं उघडता उघडता पोहोचा. सकाळी जाण्याचं आणखी एक कारण आहे. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली राणी आणि वांगी रंग फसवतात. साडी दारापर्यंत उजेडात नेऊन बघा. चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

पैठणी मात्र या यादीतून बाजूला काढा. पैठण शहरापासून ५० किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे माग चालताना बघायला मिळतो आणि एकदा तो बघितला की किंमत का एवढी, हे सांगावं लागत नाही. येवला नाशिक जिल्ह्यात आहे, पण माग आणि दुकानं तिथे पुष्कळ जास्त, त्यामुळे निवडीला वाव मोठा. रंग, काठ, पदर मनात पक्के नसतील तर येवला बरं. विशिष्ट रंगसंगती विणून हवी असेल तर पैठण असो की येवला, काही महिने आधी सांगावं लागतं. भरगच्च पदराला वेळ लागतोच. लग्न दोन महिन्यांवर असेल तर तयार साडीच बघा.

ओळखायची कशी? पदर उलटा करा. हातमागावर पदरातल्या मोराचा, मुनियेचा, कमळाचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीने भरतात आणि रंग जिथे संपतो तिथे तो धागा शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळवतात. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. मागे लोंबते किंवा कातरलेले धागे असतील, किंवा ते झाकायला जाळी लावलेली असेल, तर तो पदर यंत्रावरचा. तिला सेमी पैठणी म्हणतात. सेमी घेण्यात कमीपणा काहीच नाही, आहेराला ती छानच. फक्त तिचे पैसे हातमागाचे देऊ नका. दोन-तीन हजारांत कुणी ‘हातमागाची, प्युअर’ म्हणून पुढे केली तर सरळ उठा.

इथे एक गोम आहे. ब्रोकेड पैठणीच्या काठाला जॅकार्ड (नक्षीचे धागे आपोआप उचलणारं मागावरचं साधन) लावतात, त्यामुळे काठामागे धागे दिसतात आणि तरीही पदर हाताने विणलेला असू शकतो. म्हणून निर्णय काठावर करू नका, पदरावर करा.

रेशमासाठी पदराच्या टोकाचे दोन धागे मागून घ्या आणि जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस. आडवा आणि उभा, दोन्ही धागे वेगवेगळे तपासा. ताणा (उभा धागा) एकाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्याचा, असा माल सर्रास येतो. आता हातमागाच्या पैठणीतही बहुतेक जर ‘टेस्टेड’च, म्हणजे नकली असते, चांदीची क्वचित. कोणती आहे ते विचारा आणि ‘हातमाग’, रेशीम, जर हे तिन्ही शब्द बिलावर लिहून घ्या. सिल्क मार्कचं लेबल रेशमाची हमी देतं, हातमागाची देत नाही. हे दोन्ही एकच समजून पुष्कळ जण फसतात.

प्रश्न : हिमरू शालीलाही उलट बाजू स्वच्छच असावी का? (सेलू)

नाही, उलट. हिमरूत ताणा सुताचा आणि नक्षी जादा बाण्याच्या रेशमाची. नक्षीत नसलेला धागा मागून मोकळा जातो, शालीला ऊब आणि मऊपणा त्यानेच येतो. हातमागाचे विणकर आता थोडेच उरले आहेत. लेणी बघायला आलेल्यांच्या वाटेवर ‘हिमरू’ म्हणून यंत्रावरच्या शाली भरपूर विकल्या जातात. माग दाखवतील तिथेच घ्या.

प्रश्न : वर्षाची तूरडाळ मोंढ्यातून आणावी का? गेल्या वर्षी निम्म्या कट्ट्याला भुंगा लागला. (वैजापूर)

आणावी, भावात फरक पडतो. जुन्या मोंढ्यात ठोक किराणा मिळतो, जाधववाडीला बाजार समितीचं आवार आहे. पण शक्य असेल तर लातूर किंवा जालन्याकडच्या डाळमिलमधून बिगर-पॉलिश डाळ मागवा. पॉलिश डाळ चकचकीत दिसते, मूठभर घासली की तळव्याला तेलकटपणा लागतो.

भुंगा लागतो तो ओलीमुळे. डाळ दाताखाली कट्‌कन तुटली पाहिजे, चेपली तर ओली आहे. लाखेच्या डाळीची भेसळही बघा. तिचा दाणा चौकोनी, एका बाजूने तिरका असतो, तुरीचा गोल. वजन करताना काटा आधी शून्यावर आहे ना ते बघा आणि रिकाम्या कट्ट्याचं वजन वजा करायला लावा.

घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या. गरम डाळ डब्यात भरली तर आत घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मग किलोला एक चमचा एरंडेल चोळून कोरड्या पत्र्याच्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवा, शिजवताना धुवून घ्या. सल्फासच्या (कीड मारायच्या) गोळ्या घरातल्या धान्यात कधीही टाकू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव त्याने गेले आहेत.

प्रश्न : सराफ्यात पोत घेताना काय बघावं? (कन्नड)

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) त्रिकोण, २२के९१६ (२२ कॅरेट सोन्याची खूण) आणि हा क्रमांक भिंगातून वाचा, बीआयएस केअर ॲपमध्ये टाका आणि दागिन्याचा प्रकार जुळतो का बघा. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला सक्ती नाही. पोतीत काळे मणी असतात, त्यांचं वजन सोन्याच्या भावाने लागता कामा नये. निव्वळ सोन्याचं वजन, घडणावळ आणि जीएसटी बिलावर वेगवेगळे मांडून घ्या.