दोन इंच पाच सूत

"मॅडम, खरं सांगा. या जखमेनं माणूस जातो का?"

त्वचारोग विभागाशेजारच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की पेशंट दारात थबकला तरी मला कळतं. आजाराचं नाव पायोडर्मा गँग्रिनोसम. दुर्मीळ आहे. दहा लाख माणसांत वर्षाला तीन ते दहा नवे रुग्ण. पण मोठ्या रुग्णालयात चार जिल्ह्यांतले लोक येतात आणि प्रश्न सगळ्यांचा हाच. म्हणून एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

काका सुतार. नडगीवर एक पुळी आली, ती फुटली, कडा जांभळ्या पडल्या आणि जखम पसरत गेली. एका ठिकाणी साखरेची जखम समजून दोनदा कापून साफ केली. दोन्ही वेळा ती दुपटीनं वाढली. या आजारात हेच होतं. कातडीला धक्का लागला की रोग तिथेच चिडतो. आमच्याकडे येईपर्यंत काकांनी मनात पाय आणि जीव दोन्हीवर पाणी सोडलं होतं. त्यात नावात 'गँग्रीन'! 1930 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हे नाव दिलं, तेव्हा त्यांना हा जंतूंचा रोग वाटला होता. खरं तर हे गँग्रीन नाही आणि जंतूंमुळे होतही नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच बिथरून कातडीवर उलटते. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

मी विवेकनिष्ठ विचारांत तयार झालेली. 'काही होणार नाही हो' हे वाक्य माझ्या खोलीत चालत नाही. भीतीला मी नाव-गाव विचारते.

"काका, मरण कुठून येईल असं वाटतं?"

त्यांनी बँडेजवर बोट ठेवलं. "इथून."

पहिल्या तीन भेटी याच बोटाभोवती फिरल्या. शेजारच्या खाटेवरचा माणूस 'घायानं गेला' असं त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्याची फाइल मी कुणापुढे उघडत नाही, तेव्हा तिथे गप्प बसले. चौथ्या भेटीत काकूंनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं. "हे रोज चहाच्या आधी टेप लावतात." प्रत्येक चौकोनात सुतारी पेन्सिलीनं माप लिहिलेलं, इंच आणि सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तीन इंच. दोन इंच सात सूत. दोन इंच पाच सूत. एकही दिवस चुकलेला नाही.

"टेप जखमेला टेकवत नाही ना?"

"नाही मॅडम, वरून धरतो. उजवीकडची कड सरळ नाहीये, म्हणून दोनदा घेतो."

मी ते पान बराच वेळ बघत बसले. मरण ज्या दारातून येईल असं त्यांना वाटत होतं, तिथे हा माणूस टेप घेऊन पहाऱ्याला बसला होता. आणि मीही इतके दिवस त्याच दाराबद्दल बोलत होते! नुसत्या जखमेनं जीव जाणं विरळा. या आजारात मृत्यूचं प्रमाण जास्त आहे हे मात्र खरं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पाहणीत ते सर्वसाधारण लोकांच्या साधारण तिप्पट आढळलं. पण त्यामागे बहुतेकदा सोबतचे आजार असतात. जवळपास निम्म्या रुग्णांना आतड्यांचा दाह, संधिवात किंवा रक्ताचा विकार असतो. शिवाय या आजारावर दिलेल्या स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबलेली असताना न्यूमोनिया होतो, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो.

"काका, जखम मोजता तसा ताप मोजता का?"

काका खाली बघायला लागले. काकूच बोलल्या. "परवापासून अंगात कणकण आहे. खोकलाही आहे. पण जखम दोन सूत कमी झाली, मग कशाला सांगायचं, म्हणाले."

त्याच दुपारी ते भरती झाले. न्यूमोनिया निघाला. लवकर सापडला म्हणून आठवड्याभरात घरी गेले. आमचे त्वचारोगतज्ज्ञ आता या आजाराचा नवा पेशंट आधी माझ्याकडे पाठवतात, हे सांगायचा मोह आवरत नाही.

तेव्हापासून मी प्रश्नच बदलून देते. 'मी मरेन का' याला माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्याकडेही नाही. 'कशानं' याला मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. स्टेरॉइड चालू असताना ताप दबून राहतो, त्यामुळे नुसती कणकण, दम लागणं, बरळणं, अचानक गळून जाणं एवढंही त्याच दिवशी कळवायचं. साखर आणि रक्तदाब तपासत राहायचं. दबलेला क्षय डोकं वर काढू शकतो, म्हणून तपासणी झाली का, हे आपणहून विचारायचं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दलही विचारायचं. आणि गोळ्यांची भीती वाटली म्हणून स्टेरॉइड एका दिवसात बंद करायचं नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, तेव्हा अचानक तोडलं तर तेच जिवावर बेततं. कुणी जखम कापू म्हणालं, तर आधी आजाराचं नाव सांगायचं.

आणि धीर धरायचा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 121 रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध) या दोन्ही औषधांनी सहा महिन्यांत निम्म्याहून कमी जखमा पूर्ण भरल्या होत्या. हे मी पहिल्याच भेटीत सांगते. घरचे कधी रागावतात. पण आठव्या महिन्यात 'आपलंच नशीब फुटकं' असं पेशंटला वाटण्यापेक्षा तो राग परवडला.

काकांच्या कॅलेंडरवर आता प्रत्येक चौकोनात तीन आकडे असतात: ताप, साखर, माप. गेल्या खेपेला पान दाखवलं तेव्हा सलग चार दिवस मापाची जागा कोरी होती. मी विचारलं.

"भाचीच्या लग्नाला गेलो होतो मॅडम. थर्मामीटर नेला होता, टेप घरीच राहिला."